खोड सांगून विकावं

मु. चारठाणा, ता. जिंतूर, जि. परभणी

प्रिय आरव्ही-७, माझ्या विमाना,

सुट्टी संपवून अमेरिकेत परतलो की तुला विकायचं आहे. माझे डोळे आता साथ देत नाहीत, आणि उडणं थांबलं की इंजिनाला आतून गंज धरतो. तुझं तसं होऊ द्यायचं नाही.

इथे जुन्या वाड्याच्या ओसरीवर जाहिरात लिहायला बसलो. शेजारी शेजारी दोन आसनं, १८० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन, दोन मोठे स्क्रीन, ऑटोपायलट. सगळं खरं, पण स्क्रीन काही वर्षांत जुने होतील. घेणाऱ्यानं तुला ओळखावं असं त्यात काही नव्हतं.

मग जनावरांचा सौदा करणारे आमचे बापू आठवले. माळेगावच्या जत्रेत रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरला, तरी दावं हातात देण्याआधी ते गिऱ्हाइकाला बाजूला घेत. "ह्यो पाण्याला बिचकतो बरं. खोड सांगून इकलं की रातच्याला झोप लागती."

तुझी खोड मी सांगणार आहे. रिव्हेटच्या भोकाचा मध्य पत्र्याच्या काठापासून किमान रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतरावर हवा. डाव्या पंखात एक भोक माझ्या घाईनं काठाजवळ गेलं. तिथे जोडपट्टी लावली. बाहेरून दिसत नाही, पण बांधणीच्या वहीत तारखेसह आहे.

ती वही म्हणजे तुझी जन्मपत्रिका. अमेरिकेत स्वतः बांधलेल्या विमानाला मान्यता मिळते ती निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलं हे दाखवल्यावर, म्हणून रोजचं काम लिहिलं, फोटो काढले. तुझी वार्षिक तपासणी मी करू शकतो, कारण तुला बांधलं म्हणून मला तसं प्रमाणपत्र मिळालं. ते प्रमाणपत्र माझ्या नावाचं आहे, विक्रीबरोबर जात नाही. नव्या मालकाला त्यासाठी बहुधा परवानाधारक मेकॅनिक लागेल, आणि त्या मेकॅनिकला माझी वही.

माझ्यासमोर नियम तयार होते, किटचे भाग घरपोच आले. कॅप्टन अमोल यादवांनी मुंबईत चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, नोंदणी झाली २०१७ च्या नोव्हेंबरात. त्यांना विमानाबरोबर वाटही घडवावी लागली. त्यांची आठवण आली की मला मिळालेली सोपी वाट स्वतःपुरती ठेवणं बरं वाटत नाही.

काल गावातल्या हेमाडपंती देवळांकडे गेलो होतो. एवढी नक्षी, एवढे नेमके सांधे. कुणी कसे बसवले, हे विचारायला आज कारागीर नाही. दगडावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो.

वही देऊन टाकण्यातली खरी अडचण वेगळीच आहे. रिव्हेट मारायला दोघं लागतात. बाहेरून मी बंदूक धरायचो, आतून बायको लोखंडी ठोकळा दाबून धरायची. वहीतले दिवसअखेरीचे आकडे तिच्याच अक्षरात आहेत. म्हणून वहीची झेरॉक्स देऊन मूळ प्रत ठेवून घ्यावी, असं मनात आलं होतं. मी काही बोललो नव्हतो, तरी तिनं ओळखलं.

"झेरॉक्समध्ये पेन्सिलीच्या खुणा उठत नाहीत," ती म्हणाली. "मूळच द्या. ती विमानाची आहे."

तुझा,
बांधणारा