स्खेफ

डच भाषेत 'स्खेफ' हा शब्द दिवसभर कानावर येतो. भिंतीवरची तसबीर स्खेफ, सायकलचं सीट स्खेफ, मुलाच्या कोटाची बटणं स्खेफ लागलेली. मराठीत आपण 'वाकडं' म्हणून मोकळे होतो. डच लोक इथे दोन शब्द वेगळे ठेवतात. ठोकताना खिळाच वळला तर तो 'क्रॉम'. खिळा सरळ राहिला पण तिरपा घुसला, तर 'स्खेफ'.

सांगलीला आमचं घर बांधलं जात असताना गवंडी ओळंबा सोडून भिंत बघायचे. दोरी आणि भिंत यांतलं अंतर वर-खाली सारखं भरलं नाही, तर थर उतरवायचे. पुढे स्थापत्य शिकायला डेल्फ्टला आले आणि जुन्या चर्चचा मनोरा पाहिला. चौदाव्या शतकातला, सुमारे 75 मीटर उंच, जवळजवळ दोन मीटर कललेला. गावकरी त्याला लाडानं 'स्खेव्हे यान' म्हणतात. (नामाआधी येताना त्या 'फ'चा असा मऊ 'व्ह' होतो, ते मला फार आवडतं.) बुजवलेल्या कालव्यावर पाया आला आणि बांधकाम चालू असतानाच मनोरा कलला. गवंड्यांनी काम सोडलं नाही, वरचे भाग उभ्या रेषेत आणत गेले. खालून टक लावून पाहिलं की मधला बाक दिसतो. काटेकोर बोलायचं तर यान थोडा क्रॉमही आहे, आणि त्या बाकातच मला गवंड्यांची जिद्द दिसते.

ॲम्स्टरडॅममध्ये घर बघताना हाच शब्द काळजीचा झाला. इथली जुनी घरं मऊ जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. खांब पाण्याखाली असेतो टिकतात. भूजल उतरून हवा लागली की कुजतात, घर एका अंगाला खचतं, दारं चौकटीत बसेनाशी होतात. रस्त्याकडे झुकलेल्या दर्शनी भिंतींची गोष्ट निराळी. वरच्या आकड्याला दोर लावून सामान चढवताना ते घासू नये, म्हणून कित्येक मुद्दामच तशा बांधल्या. जाणकार त्यांना स्खेफ म्हणत नाहीत; त्या 'ऑप फ्लुख्त'.

एक वापर मात्र मला खटकतो. उत्पन्न वाढूनही स्वस्त सामाजिक घरात राहणाऱ्याला 'स्खेफवोनर' म्हणतात. मेळ बसत नाही तो भाड्याचा आणि मिळकतीचा, पण शब्द चिकटतो माणसाला. पगार जरा वाढला म्हणून घर सोडावं, तर परवडेल असं दुसरं शहरात सहज मिळत नाही. अशा माणसाला मी हा शब्द लावत नाही.