लाल सोन्याची संगत

बारावीत तिने ‘गोल्ड नंबर’ पाठ केला तो मार्कांसाठी. लाल सुवर्णकलिलात, म्हणजे सोन्याचे अतिसूक्ष्म कण विखुरलेल्या द्रावणात, मीठ टाकलं की ते निळं पडतं. तसं होऊ नये म्हणून किती मिलिग्रॅम जिलेटिन लागतं, तो हा आकडा. ही मोजणी रसायनशास्त्रज्ञ झिग्मोंडी यांची. पण पिवळंधमक सोनं लाल कसं होतं, हा प्रश्न तेव्हा कुणी काढलाच नाही.

उत्तर एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत डोळ्यांपुढे घडलं. क्लोरोऑरिक आम्लाचं फिकट पिवळं द्रावण उकळत असताना त्यात सोडियम सायट्रेट पडलं. पिवळेपणा गेला, द्रावण करडं झालं, मग काळपट जांभळं आणि अखेर कोकमाच्या आगळासारखं लालबुंद! पंधरा-वीस नॅनोमीटरच्या कणांतले इलेक्ट्रॉन हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून लाल उरतो. मिठाने कण एकमेकांना बिलगले की हा हिशेब बदलतो आणि रंग निळा होतो. मायकेल फॅरेडे यांनी 1857 मध्ये हा रंगबदल नोंदवला होता. त्यांच्या लाल द्रावणाच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपलेल्या आहेत.

जिलेटिन असो वा कृत्रिम पॉलिमर, त्याचं काम कणांना एकमेकांपासून लांब ठेवणं, अशीच तिची समजूत होती. पीएच.डी.च्या दिवसांत टोरांटो विद्यापीठातल्या युजेनिया कुमाचेवा यांचं काम वाचलं आणि ती हलली.

त्यांनी सोन्याच्या नॅनोकांड्या घेतल्या आणि पॉलिस्टायरीनच्या साखळ्या फक्त त्यांच्या टोकांना जोडल्या. पॉलिस्टायरीनला पाण्याचं वावडं. द्रावणात पाणी मिसळताच टोकं पाणी टाळून एकमेकांना भिडतात आणि कांड्यांची माळ तयार होते, कुणीही न ओवता. 2010 साली ‘सायन्स’मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की ही माळ ज्या गणिताने वाढते त्याच गणिताने नायलॉनचे रेणू जोडले जातात. नायलॉनमध्ये एकेक रेणू जोडला जाताना पाहणं अवघड. इथे मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक माळेतल्या कांड्या मोजता येतात. रसायनशास्त्र शिकणाऱ्याला याहून मोठा आनंद कोणता, असं तिला मनापासून वाटतं.

आता ती स्वतः शिकवते आणि तोच प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेते. डायमिथाइल फॉर्मामाइड या द्रावकात पाणी घातलं की शोषणाचं शिखर तांबड्याकडे सरकतं, माळा झाल्या. या द्रावकाऐवजी टेट्राहायड्रोफ्युरान वापरलं तर कांड्या बाजूला बाजू लावून जुड्या बांधतात आणि शिखर उलट, निळ्याकडे जातं. मुलं आलेख हातात घेऊनच भांडतात, हे असं का म्हणून, आणि तिचा तास हमखास लांबतो.