टायरवरची अक्षरे

आपल्या घरांत बायकांच्या गप्पांमध्ये टायर हा विषय कधी निघत नाही. कुणी नवी गाडी घेतली तर रंग कोणता, हप्ता किती, सीट कशा आहेत यावर आपण तासभर बोलू. पण चाकांकडे पंक्चर होईपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही. ताशी शंभर किलोमीटरने धावणारी गाडी रस्त्याला टेकलेली असते ती किती? प्रत्येक चाकाखाली साधारण तळहाताएवढी जागा. आपली मुले, सुना, नातवंडे अशा चार तळहातांच्या भरवशावर प्रवास करत असतात.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. गाड्यांशी माझा संबंध शाळेत जायच्या स्कूटरपुरता. पण मे २०२४ च्या सुट्टीत मी शारजाला थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आपाकडे गेले आणि तिथे मला टायर शिकावा लागला.

आपाचे मिस्टर आखातात वीस वर्षांहून अधिक काळ ट्रेलर चालवत होते. ते गेल्यापासून आपा मुलाजवळ राहते. मुलगा सत्तावीस वर्षांचा, चांगल्या नोकरीत, निर्व्यसनी. त्याला एकच नाद, गाड्यांचा. त्याने पैसे साठवून जुन्या बाजारातून निसान ३७० झेड घेतली होती. दोनच सीटची, बुटकी, रुंद गाडी. ३.७ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, सव्वातीनशेच्या वर अश्वशक्ती आणि ही सगळी ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. आपाला ती गाडी मुळीच आवडत नसे. "यात बसायचे म्हणजे जमिनीवर मांडी घातल्यासारखे वाटते," असे ती म्हणे. तरी दवाखान्यात जायचे तर त्याच गाडीतून जावे लागे.

एका संध्याकाळी भाच्याने मला पार्किंगमध्ये नेले. म्हणाला, "खाला, एक गोष्ट सांगतो, अम्मीला सांगू नकोस." १६ एप्रिलला अमिरातीत पंचाहत्तर वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस झाला. त्या दिवशी तो कामावरून परतत होता. रस्त्यावर पाणी साचले होते, वेगही फार नव्हता, पण गाडीचा मागचा भाग अचानक बाजूला गेला. स्टिअरिंग हातात होते, मात्र गाडी हातात नव्हती. शेजारच्या लेनमध्ये कुणी नव्हते म्हणून निभावले.

मी वाकून मागच्या टायरवरून हात फिरवला. बाहेरून नक्षी बरी दिसत होती. आतल्या कडेला बोटे गेली तेव्हा टायर पार गोटा झालेला होता आणि एका ठिकाणी बोटाला तार टोचली. या गाडीची चाके वरच्या बाजूने किंचित आत झुकलेली असतात, त्यामुळे आतली कड आधी झिजते आणि उभ्याने पाहणाऱ्याला ती दिसत नाही, हे मला नंतर कळले. नक्षीतल्या खाचांचे काम पाणी बाहेर फेकण्याचे. खाचा संपल्या की पाणी टायरखालीच राहते आणि गाडी रस्त्यावर न चालता पाण्यावर तरंगते. १६ एप्रिलला हेच झाले होते.

टायर बदलायचे हे ठरलेच. प्रश्न होता, कोणते? डिसेंबरात त्याचा निकाह ठरलेला. घरभाडे, तिकिटे, दागिने, सगळा हिशेब कागदावर मांडलेला. त्यात एवढ्या मोठ्या खर्चाला जागा नव्हती. त्याच्या मनात होते की मागचे दोन टायर वापरलेले घ्यावेत आणि लग्न होईपर्यंत वेळ मारून न्यावी. मी म्हटले, "चल, मी पण येते."

पहिल्या दुकानात वापरलेले टायर रचून ठेवले होते. काळेभोर, चकचकीत. किंमत नव्याच्या निम्म्याहूनही कमी. भाचा नक्षी बघत होता, मी अक्षरे बघत होते. शिक्षकाला लिहिलेले दिसले की वाचल्याशिवाय राहवत नाही. टायरच्या बाजूवर छोट्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. त्या टायरवर १११७ होते, म्हणजे २०१७ सालचा अकरावा आठवडा. सात वर्षांचा टायर पॉलिश लावून नवरदेवासारखा सजवला होता. अमिरातीत पाच वर्षांपेक्षा जुना टायर चालत नाही आणि त्याला कारण आहे. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. उन्हाने, हवेने ते कडक होते, आतून सुटू लागते. नक्षी शाबूत असते, पकड गेलेली असते.

भाच्याला मी पॉल वॉकरची आठवण दिली. गाड्यांच्या सिनेमांमुळे तो या मुलांचा लाडका नट. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात पोर्शे करेरा जीटी या गाडीच्या अपघातात तो गेला. गाडी त्याचा मित्र चालवत होता, तोही गेला. तपासात अतिवेग हेच मुख्य कारण ठरले. गाडीत यांत्रिक दोष सापडला नाही, पण टायर नऊ वर्षांहून जुने होते आणि त्याचा गाडीच्या पकडीवर परिणाम झाल्याची नोंद तपासात झाली. गाडी किती महागडी होती हे मी सांगायची गरज नव्हती. भाचा त्या दुकानातून गुपचूप बाहेर पडला.

दुसऱ्या दुकानदाराने वेगळाच सल्ला दिला. "चारही चाकांना पुढच्याच मापाचे टायर लावा, स्वस्तात काम होईल." त्याच्या गाडीला पुढे २४५/४० आर १९ आणि मागे २७५/३५ आर १९ असे टायर होते. हे गणित मी दुकानातल्याच बिलाच्या पाठीवर केले. २४५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे त्या रुंदीच्या चाळीस टक्के उंची, म्हणजे ९८ मिलिमीटर. मागच्याची रुंदी २७५, त्याचे पस्तीस टक्के म्हणजे जेमतेम ९६. रिम दोन्हींची १९ इंची. रुंदीत तीन सेंटिमीटरचा फरक आहे, पण चाकाची एकूण उंची जवळजवळ सारखी. मागच्या चाकांना ताकद झेलायची असते म्हणून ती रुंद, आणि पुढची-मागची चाके सारख्या गतीने फिरावीत म्हणून उंची जुळवलेली. ब्रेक आणि घसरण सांभाळणारी यंत्रणा चारही चाकांच्या फिरण्याचा हिशेब ठेवते. माप बदलले की तो हिशेब बिघडतो आणि मागची पकडही कमी होते. माप कंपनीने दिलेलेच ठेवायचे. ते गाडीच्या दारापाशी, चौकटीवरच्या पट्टीवर छापलेले असते. हवा किती भरायची तेही तिथेच असते. टायरवर लिहिलेला हवेचा आकडा ही शेवटची मर्यादा असते. तेवढी हवा भरायची, असा त्याचा अर्थ नाही.

मापानंतर ९६ डब्ल्यू असे काहीतरी असते. ९६ हा वजनाचा क्रमांक, म्हणजे एका टायरने ७१० किलो पेलायचे. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरची क्षमता. व्ही म्हणजे २४०, एच म्हणजे २१०. भाचा म्हणाला, "खाला, मी कधी एकशेवीसच्या वर जात नाही. मला २७० कशाला?" प्रश्न रास्त होता. पण हे अक्षर वेगाइतकेच उष्णतेबद्दल बोलते. टायर फिरताना दबतो, पुन्हा फुगतो आणि दर फेरीला तापतो. उन्हाळ्यात तिथला डांबरी रस्ता हात लावू देत नाही. ज्या टायरची बांधणी २७० ची उष्णता सोसण्यासाठी केली आहे, तो १२० वर निवांत राहतो. जड, ताकदवान गाडी अचानक वळवली तरी त्याची बाजू कोलमडत नाही. म्हणून कंपनीने दिलेल्या अक्षरापेक्षा वरचे चालते, खालचे घेऊ नये.

तिसऱ्या दुकानात खरी परीक्षा झाली. तिथे दोन नवे टायर समोर ठेवले होते. एकावर ट्रेडवेअर ५००, दुसऱ्यावर ३००. हा आकडा टायर किती टिकेल याचा अंदाज देतो. कंपनी तो स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे तंतोतंत ताडून पाहता येत नाहीत. पण ढोबळ अर्थ खरा असतो. ५०० वाला स्वस्त होता आणि जास्त टिकणाराही होता. भाच्याचा चेहरा खुलला. "खाला, पाचशे मार्क तीनशेपेक्षा जास्तच ना?"

वर्गात मी मुलांना नेहमी सांगते, मार्क बघण्याआधी विषय बघा. जास्त टिकणारे रबर कडक असते, घट्ट पकडणारे रबर मऊ असते आणि लवकर झिजते. दोन्ही गुण एकाच टायरमध्ये पुरेपूर मिळत नाहीत. घरगुती गाडीला पाचशे उत्तम. सव्वातीनशे अश्वशक्ती दोन चाकांवर ओतणाऱ्या गाडीला पकड आधी हवी. उलट टोकाचेही टायर असतात. शर्यतीच्या मैदानासाठी बनवलेले, शंभर-दोनशेच्या घरातले, जवळजवळ नक्षी नसलेले. ते कोरड्या रस्त्यावर गोंदासारखे चिकटतात आणि पाण्यात दगा देतात. एप्रिलचा पाऊस पाहिलेल्या माणसाने ते घेऊ नयेत.

याच्या शेजारी आणखी दोन श्रेण्या असतात. ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकची श्रेणी डबल ए, ए, बी, सी आणि उष्णतेची ए, बी, सी. ब्रेकची ही श्रेणी सरळ रेषेत थांबण्याची असते, वळणावरची पकड ती सांगत नाही. मिशलिनचा पायलट स्पोर्ट ४ एस हा या वर्गातला प्रसिद्ध टायर आहे. त्यावर ३००, डबल ए आणि ए असे असते. अशा गाडीला साधारण याच जातीचा टायर शोभतो, मग नाव कोणत्याही चांगल्या कंपनीचे असो.

चारही टायर एकाच जातीचे घ्यायचे तर खर्च त्याच्या अंदाजाच्या बाहेर जात होता. त्या रात्री जेवताना मी त्याला म्हटले, "१६ एप्रिलची गोष्ट तूच अम्मीला सांग. तिच्या जिवाचाही प्रश्न आहे. तीही त्याच गाडीत बसते." तो बराच वेळ ताटाकडे बघत राहिला. मग त्याने सांगितले. आपा रडली नाही, ओरडलीही नाही. तिने एवढेच विचारले, "तुझे अब्बा ट्रेलर सुरू करण्याआधी रोज काय करायचे, आठवते?" भाच्याला आठवत होते. ते रोज सकाळी गाडीभोवती एक फेरी मारून प्रत्येक टायरला हात लावायचे. सांगून झाल्यावर आपा म्हणाली, "माझी एक बांगडी मोड."

भाच्याने बांगडी घेतली नाही, कर्जही काढले नाही. गाडी दीड महिना पार्किंगमध्ये उभी राहिली आणि तो बसने कामावर जाऊ लागला. जूनचा पगार झाल्यावर त्याने चारही टायर बसवले. आधी प्रत्येकावरचे चार आकडे वाचले, चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. पहिले काहीशे किलोमीटर गाडी जपून चालवली, कारण नव्या टायरच्या अंगावरचा गुळगुळीतपणा जायला तेवढे अंतर लागते. मी तेव्हा गावी परतले होते. आता दर महिन्याला तो वाकून आतली कड तपासतो, असे आपा फोनवर सांगते.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी अशी गाडी असेल. पण आपली मुले आखातात आहेत, मुंबई-पुण्यात आहेत, समृद्धी महामार्गावरून रात्रीबेरात्री प्रवास करतात. तो महामार्ग सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन विभागाला वाहनांचे टायर तपासावे लागले. घरातली गाडी छोटी असली तरी नियम तेच आहेत. खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटरच उरले असे समजावे. कारसाठी कायद्याची मर्यादा तीच आहे, तिथवर थांबू नये. हवा सकाळी, चाके थंड असताना तपासावी. तापलेल्या टायरमधली हवा वाढलेली दिसते म्हणून कमी करू नये. बाजूच्या भिंतीला फुगवटा किंवा चीर असेल तर तो टायर पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. आणि चार आकडे वाचायला कुठलीही पदवी लागत नाही.

लग्नात आपण मुलाला घड्याळ देतो, सूट देतो, कधी गाडीही देतो. या वर्षी तुमच्या घरातला कुणी लांबच्या प्रवासाला निघाला, तर डबा हातात देण्याआधी खाली उतरा, गाडीभोवती एक फेरी मारा, चारही टायरना हात लावा. मुलगा हसेल, हसू द्या.