पिकलेले केस आणि नीटनेटकेपणा

कतारमध्ये येऊन आम्हा दोघांना आठ वर्षे झाली. दोघेही सॉफ्टवेअर अभियंते. दोघांचीही चाळिशी अजून दूर आहे, पण केस मात्र तिशीतच पिकू लागले. दर तीन आठवड्यांनी गुरुवारी रात्री काळा रंग कालवून एकमेकांच्या केसांना लावणे, हा आमच्या दोह्यातील संसाराचा ठरलेला भाग होता. यंदा आम्ही तो थांबवला आहे. केस एकदम पांढरे होऊ दिलेले नाहीत. काळ्या-पांढऱ्याचे सौम्य मिश्रण स्वीकारले आहे. हा विषय वरवर किरकोळ वाटेल, परंतु आमच्या घरात त्याने एक जुना प्रश्न पुन्हा उभा केला.

प्रथम व्यवहार सांगतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे गडद काळ्या रंगाखाली तीन आठवड्यांतच भांगाशी पांढरी रेघ उमटते. आखातातील उन्हात तो काळा रंग तांबूस पडतो, ते वेगळेच. पक्का रंग केसाच्या आत जाऊन बसतो. त्यावर फिकट रंग लावल्याने तो उजळत नाही. तो काढायचा तर ब्लीच करावे लागते आणि केस कोरडे, ठिसूळ होतात. म्हणून आम्ही सावकाशीचा मार्ग धरला. मुळांना पक्का काळा रंग लावणे बंद केले. पार्लरमध्ये भांगाजवळच्या व कानशिलांवरच्या मोजक्या बारीक बटा उजळून घेतल्या. मधल्या केसांना काळ्याऐवजी गडद तपकिरी, काही धुण्यांत उतरणारा हलका रंग दिला. नवा रंग लावण्यापूर्वी अठ्ठेचाळीस तास आधी त्वचेवर थोडा लावून पाहिला. अनेक रंगांतील पीपीडी या द्रव्याने काहींना तीव्र ॲलर्जी होते. ‘करडा केस’ असा वेगळा क्वचितच असतो. रंगद्रव्य गेलेले केस काळ्यांत मिसळले की डोळ्याला करडेपणा दिसतो. रंगाची कडा मोडली की वाढ खुपत नाही, एवढेच या पद्धतीचे तत्त्व. आखूड केसांना वर्षभर पुरते, खांद्यापर्यंतच्या केसांना दोन-अडीच वर्षे लागतात.

आता प्रश्न. व्हिडिओ कॉलवर आमचे केस पाहून आई म्हणाल्या, “एवढी कमावती माणसं तुम्ही, आणि असं राहता? आपल्या माणसांनी टापटीपच राहावं.” त्या हौसेने बोलत नव्हत्या. त्यांच्या पिढीने एकच पोशाख रोज रात्री धुऊन, सकाळी तांब्यात निखारे घालून इस्त्री करून शाळा शिकली. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, ज्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि ज्या जड दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखली जाते, ती टाकून द्या. आपल्या समाजात वेशभूषा ही स्वाभिमानाची भाषा झाली, ती तेव्हापासून. आईंचे वाक्य त्याच भाषेतले होते. म्हणून ते आम्हाला हसण्यावारी नेता आले नाही.

पुष्कळ विचारांती आम्हाला एक भेद दिसला. महाडला जी चिन्हे टाकायला सांगितली, ती दुसऱ्यांनी आपल्यावर लादलेली होती. पांढरा केस कुणी लादलेला नाही. तो आपल्याच देहाचा काळ आहे. नीटनेटके राहणे आणि काही लपवणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. बाबासाहेबांचा आग्रह पहिल्या गोष्टीसाठी होता.

जातकांत मखादेव राजाची कथा आहे. डोक्यावर पांढरा केस दिसताच मला सांग, अशी त्याने नाव्ह्याला आज्ञा केली होती. नाव्ह्याने एके दिवशी तो केस सोन्याच्या चिमट्याने उपटून राजाच्या तळहातावर ठेवला. राजा रागावला नाही. त्याने तो केस देवदूत मानला, नाव्ह्याला गाव इनाम दिले आणि राज्य पुत्राच्या हाती सोपवून प्रव्रज्या घेतली. खरे सांगणाऱ्या नाव्ह्याचा सन्मान झाला, हे आम्हाला त्या कथेतले सर्वांत मोलाचे वाटते. धम्मपद उलट बाजूनेही सावध करते: केवळ डोके पांढरे झाल्याने कुणी स्थविर होत नाही. तेव्हा पांढऱ्या केसांची लाज नको, तशी मिरवणूकही नको. आम्ही काही मखादेव नाही. आम्हाला रविवारी सकाळी कामावर हजर व्हायचे असते. परदेशातील नोकरी कराराच्या मुदतीवर टिकते आणि तरुण दिसण्याचा दबाव खराच असतो. ज्यांना रंगवायचे आहेत त्यांनी खुशाल रंगवावेत. ती त्यांची निवड आहे. निवड आपली असावी, भीतीची नसावी, एवढेच आमचे म्हणणे.

आईंना हे सारे फोनवर समजावले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “बरं. पण विंचरून तरी नीट बसत जा.” ती अट आम्हाला पूर्ण मान्य आहे. येत्या १४ एप्रिलला आम्ही नेहमीप्रमाणे इस्त्रीचे शुभ्र कपडे घालून जयंतीला जाऊ. केस नीट विंचरलेले असतील, आणि त्यांतले काही पांढरे असतील.