आधी घर, मग घोडा

आमच्या चिरंजिवांनी घर आधी विकत घेतलं आणि ते ओढायला गाडी नंतर शोधायला निघाले, हे वाक्य मी पुण्याच्या आमच्या कट्ट्यावर उच्चारलं असतं, तर मंडळींनी माझ्याकडे काळजीने पाहिलं असतं. पण चिरंजीव राहतात अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहराजवळ, आणि तिकडे ही गोष्ट अगदी रोजची आहे. घर म्हणजे चाकांवरचं घर. ट्रेलर. पंचवीस फूट लांब, आत चूल, मोरी, शीतपेटी, पोरांसाठी एकावर एक दोन फळ्या, आणि जेवणाचं टेबल खाली पाडलं की त्याचाच पलंग. सुटी लागली की हे घर गाडीमागे जोडायचं, डोंगरात एखाद्या तळ्याकाठी नेऊन उभं करायचं आणि चार दिवस तिथे संसार मांडायचा. चिरंजिवांच्या कचेरीतल्या एका गृहस्थांनी आपला ट्रेलर स्वस्तात काढला, तो यांनी घेतला. वसाहतीच्या नियमाप्रमाणे तो दारात उभा करता येत नाही, म्हणून गावाबाहेर भाड्याच्या जागेत ठेवला. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता तिथे पोचलो, तेव्हा घर तयार होतं आणि घोड्याचा पत्ता नव्हता.

घोडा म्हणजे पिकअप. पुढे माणसं बसायची मोठी खोली आणि मागे उघडा हौदा. आपल्याकडे असलं वाहन भाजी, सिमेंटच्या गोण्या आणि निवडणुकीतले कार्यकर्ते वाहण्यासाठी असतं. तिकडे डॉक्टर, वकील आणि शाळामास्तर त्यातून हिंडतात. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या मॉडेल टी गाडीला मागे हौदा लावून ती २८१ डॉलरला विकायला काढली. तिचा आजचा वंशज पाहिलात तर चढायला पायरी लागते, आणि किंमत ऐकलीत तर उतरायलाही आधार लागतो.

ह्या पिकअपांच्या जाती तीन. अर्ध्या टनाची, पाऊण टनाची आणि एक टनाची. एके काळी हौद्यात तेवढं वजन मावत असे, म्हणून ही नावं पडली. गाड्या वाढल्या, नावं तीच राहिली. आजची अर्ध्या टनाची गाडी अर्ध्या टनापेक्षा पुष्कळ जास्त वाहते. एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० ही सगळी ह्या धाकट्या पातीतली भावंडं, आणि रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसतात तीच.

चिरंजिवांचं मन असल्याच एका अर्ध्या टनाच्या गाडीवर बसलं होतं. रंग गडद निळा, आत चामड्याच्या खुर्च्या, छताला काच, दार उघडलं की आपोआप खाली येणारी पायरी. दुकानातला विक्रेता मोठा गोड बोलणारा. ट्रेलरचं वजन किती, असं त्याने विचारलं. सामान भरून ६,४०० पौंड, म्हणजे २,९०० किलो, असं चिरंजीव म्हणाले. विक्रेता हसला आणि म्हणाला, "ही गाडी ११,३०० पौंड ओढते. तुमचा ट्रेलर मागे आहे हे तुमच्या ध्यानातही राहणार नाही."

मी एकतीस वर्षं बँकेत काढली. गिऱ्हाइकाने मोठा आकडा सांगितला की तारण काय, हे विचारायची सवय अंगात मुरलेली. पण इथे माझ्या कामी बँक आली नाही. आला माझा मामा.

मामा कोल्हापूरकडचा. गुऱ्हाळ संपलं की गुळाच्या ढेपा बैलगाडीत घालून पेठेला न्यायचा. लहानपणी मी त्याला गाडी भरताना तासन् तास पाहिलंय. ढेपा साऱ्या मागे रचल्या तर गाडी उलाळ होते. मागचं अंग जड होऊन खाली जातं, जू बैलांच्या मानेवरून वर उचलायला बघतं, आणि रस्त्यात गाडी भलतीकडे झोकांड्या खाते. साऱ्या पुढे रचल्या तर जू मानेत रुततं आणि बैल दोन कोसांत बसतो. म्हणून मामा एक एक ढेप वीतभर पुढे, वीतभर मागे सरकवायचा आणि दर वेळी जू हाताने उचलून पाहायचा. थोडा भार मानेवर हवाच, पण थोडाच.

ट्रेलरचं शास्त्र हेच आहे, वाचकहो. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला ते लोक जीभ म्हणतात. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार त्या जिभेवर पडला पाहिजे. कमी पडला तर ट्रेलर मागे शेपटासारखा हलू लागतो, आणि शेजारून एखादा अजस्र मालट्रक सुसाट गेला की हे शेपूटच कुत्र्याला हलवू लागतं. म्हणजे आमच्या ६,४०० पौंडांपैकी ८०० पौंड गाडीच्या पाठीवर बसणार. ते ओढायचे नाहीत, वाहायचे. शिवाय ते मागच्या चाकांच्याही मागे टेकतात, त्यामुळे गाडीचं नाक वर उचललं जातं. तो भार थोडा पुढच्या चाकांकडे वळवणारी पोलादी जोडणी मिळते, तिचंच वजन शंभर पौंडांच्या घरात. झाले ९००.

तेव्हा मी चिरंजिवांना विचारलं, "ओढते किती ते कळलं. वाहते किती?"

विक्रेत्याला हा प्रश्न आवडला नसावा, कारण तो कॉफी आणायला गेला. उत्तर मात्र गाडीतच लिहिलेलं होतं. चालकाचं दार उघडलं की चौकटीवर पिवळ्या पट्टीची एक चिठ्ठी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये, असं त्या एका विशिष्ट गाडीपुरतं तिच्यावर छापलेलं असतं. जाहिरातीतला आकडा सगळ्या जातीचा, दारातला आकडा ह्या जन्मलेल्या गाडीचा. पत्रिका आणि नाडी पाहणं यांत जेवढा फरक, तेवढाच. निळ्या सुंदरीच्या चिठ्ठीवर होतं १,४३० पौंड. गंमत अशी की चामडं, काच, आपोआपची पायरी ह्या साऱ्या अलंकारांचं वजन ह्याच ताकदीतून वजा होतं. गाडी जितकी नटलेली तितकी तिची पाठ दुबळी! आणि ओढण्याचा तो ११,३०० चा आकडा काढताना गाडीत माणसं धरतात दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. पोरंबाळं, थोरली माणसं, डबे, लाकडं, काही नाही.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही वजनाचा काटा आणला. चिरंजीव १९०, सूनबाई १४५, नातू ९०, नात ६५. माझे १५० भरले. सौ. काट्यावर चढण्याआधी म्हणाल्या, "पर्स खाली ठेवू का?" सूनबाई म्हणाली, "आई, पर्सही येणारच ना बरोबर?" पर्ससकट १३०.

मी पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले. १,४३० मधून ९०० गेले, उरले ५३०. त्यात चौघांचे ४९०. उरले ४०. आम्हा दोघांचे २८०. उघडच आम्ही दोघं हिशेबात बसत नव्हतो. वजनातही नाही आणि खुर्च्यांतही नाही, कारण निळ्या सुंदरीत पुढे दोन राजेशाही आसनं आणि मध्ये कप ठेवायचं कपाट, त्यामुळे माणसं मावायची पाचच.

टेबलावर कोणी काही बोलेना. मग सूनबाई म्हणाली, "मी आई-बाबांना घेऊन मोटारीतून मागोमाग येईन." सौ. लगेच म्हणाल्या, "कशाला गं? आम्ही घरीच राहू. कुंड्यांना पाणी घालायला कोणीतरी हवंच." सौभाग्यवतींचं हे वाक्य मला चांगलं ठाऊक आहे. गेली चाळीस वर्षं ते कुठल्या आवाजात येतं आणि त्याचा अर्थ काय, हे मी जाणतो. ग्लेनवूड स्प्रिंग्ज नावाच्या गावी गरम पाण्याचा मोठा तलाव आहे, हे नातवाने सांगितल्यापासून त्या रोज वज्रेश्वरीची आठवण काढत होत्या.

पुढचे तीन शनिवार दुकानं पालथी घालण्यात गेले. बिनअलंकाराची, कामगार लोक घेतात तसली अर्ध्या टनाची गाडी पाहिली. तिच्यात पुढे सलग बाक, म्हणजे सहा माणसं बसतात, आणि चिठ्ठीवर १,७८०. हिशेब केला तर सगळे बसून ११० पौंड शिल्लक. म्हणजे माणसं येतील, पण सरपण, पोरांच्या सायकली आणि बर्फाची पेटी घरी. पाऊण टनाची डिझेल गाडीही पाहिली. ओढायला राक्षस, पण ते इंजिनच एवढं जड की वाहण्याच्या ताकदीचा मोठा लचका तेच तोडतं. मग सापडली ती तीन वर्षं वापरलेली, पेट्रोलवर चालणारी पाऊण टनाची पांढरी गाडी. आधी एका बांधकामवाल्याकडे होती. आत रबराचा गालिचा, पुढे बाक, काचा मात्र विजेच्या. चिठ्ठीवर ३,०५०. सगळं वजा जाता १,३८० पौंड शिल्लक!

पण तिचे दोषही सांगितले पाहिजेत. रिकामी असताना ती खड्ड्यातून अशी उडते की आपल्या लाल डब्याची आठवण यावी. पेट्रोल पिते. चिरंजिवांना रोज कचेरीला हीच न्यायची, आणि शहरातल्या वाहनतळात ती दोन खांबांमध्ये घालणं म्हणजे गाभाऱ्यात हत्ती. आणि निळ्या गाडीपुढे ही दिसते कशी, ते विचारूच नका.

त्या संध्याकाळी मी चिरंजिवांना बाजूला घेऊन म्हटलं, "हे बघ, आम्ही ऑक्टोबरात परत जाणार. पुन्हा येऊ तेव्हा येऊ. तुझी आई एकाहत्तरची आहे. दोन म्हाताऱ्यांच्या २८० पौंडांसाठी वर्षभर हा दगड कशाला बाळगतोस? तू निळी घे. आम्ही मोटारीतून येतो मागून."

तो काहीच बोलला नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिला. उत्तर दिलं ते सूनबाईने, ओट्यावरची भांडी पुसता पुसता. म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी नाही घेत आहोत. मुलं आत्ता दोघं मिळून १५५ आहेत. पाच-सहा वर्षांत तीनशेच्या वर जातील. तुम्ही बसा अथवा नका बसू, ती जागा भरणारच आहे."

मी खोलीत जाऊन पाकिटावर पाहिलं. हिशेब अगदी बरोबर होता. नातवंडं आमच्याच वजनाइतकी वाढणार होती. बँकेतल्या कुठल्याही साहेबाने ते कर्ज मंजूर केलं असतं. पांढरी गाडी दुसऱ्या दिवशी घरी आली आणि सौ.नी तिच्या चाकाखाली नारळ नाही म्हणून लिंबू ठेवलं.

ऑगस्टमध्ये निघालो. मालट्रक थांबतात त्या थांब्यावर सार्वजनिक वजनकाटा असतो. पुढची चाकं एका फळीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर, आणि थोडे डॉलर भरले की छापील चिठ्ठी हातात. आमचे सारे आकडे मर्यादेच्या आत होते. मामा जू हाताने उचलून जे पाहायचा, ते ह्या कागदावर पौंडांत लिहिलेलं होतं. मी ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

डेन्व्हर आधीच ५,२८० फुटांवर, आणि पश्चिमेला आयझेनहॉवर बोगद्यापाशी रस्ता अकरा हजारांच्याही वर जातो. हवा विरळ होते. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे बोगद्यापाशी आमच्या घोड्याची एक तृतीयांश शक्ती गळालेली. तो चढ आम्ही मालट्रकांच्या रांगेतून, इंजिन ओरडत, बैलगाडीच्या इमानाने चढलो. एक निळी पिकअप ट्रेलर घेऊन डावीकडून झपकन पुढे गेली. चिरंजिवांनी तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. कोणी काही बोललं नाही.

बोगदा ओलांडल्यावर खरी परीक्षा. चढ इंजिनाचा असतो, उतार गाडीच्या अंगाचा. वाटेत ब्रेक निकामी झालेल्या मालट्रकांसाठी वाळूखडीचे चढते रस्ते बाजूला काढून ठेवलेले दिसतात, ते पाहून पोटात खड्डा पडतो. चिरंजिवांनी ओझ्याचं बटण दाबून गियर खाली उतरवला. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात, तेही गाडीबरोबर लागतात. तरी पायाने ब्रेक दाबायची वेळ फार थोडी आली. इंजिनच गाडीला मागे खेचून धरत होतं. जड अंगाची गाडी ट्रेलरखाली दबली नाही की हलली नाही. मागच्या बाकावर दोन नातवंडांच्या मध्ये सौ. झोपल्या होत्या. त्यांच्याकडून मला याहून मोठं प्रशस्तिपत्र नको होतं.

गरम तलावात त्या दोन दिवसांत चार वेळा उतरल्या. परतताना रस्त्याच्या कडेला पॅलिसेड गावाकडच्या पीच फळांचा ठेला लागला. वीस पौंडांची एक पेटी. सौ.नी मुरंब्यासाठी दोन घ्यायचं ठरवलं. नातू गाडीतून उतरला, माझ्या खिशातून पेन्सिल काढून घेतली आणि वजनाच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून म्हणाला, "आजी, चाळीस."

"मग?" सौ. म्हणाल्या.

"चालेल," तो म्हणाला. "अजून खूप आहेत."

त्यांनी तिसरी पेटी घेतली.