वाईहून मेणवलीपर्यंत

प्रवासवर्णन म्हटलें कीं, वाचकांच्या डोळ्यांसमोर हिमालय तरी येतो, नाहीं तर रामेश्वर. परंतु ज्या घरांत सात वर्षांच्या नातीपासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीपर्यंत सर्व मंडळी एकत्र नांदतात, त्या घरानें सर्वांना मिळून जातां येईल असें स्थळ शोधूं लागावें, म्हणजे हीं मोठमोठीं नांवें एकामागून एक गळतात. अशा कुटुंबांसाठीं कृष्णाकांठची एक लहानशी वाट सुचवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. सातारा जिल्ह्यांतील वाईपासून मेणवलीपर्यंतची ही वाट. अंतर सुमारें ३ किलोमीटर, चढ नाहीं म्हटलें तरी चालेल. पायीं जाणाऱ्याला आणि सायकलवाल्याला ती सारखीच सोयीची.

निघण्यापूर्वीं ढोल्या गणपतीचें दर्शन घ्यावें. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं इ. स. १७६२ मध्यें हें देऊळ बांधिलें. मूर्तीची भव्यता पाहून मुलें थक्क होतातच. पण त्यांना देवळाच्या मागें नेऊन तेथील भिंतही अवश्य दाखवावी. माशाच्या आकाराची ही निमुळती भिंत पुराचें पाणी दुभागून दोन्ही अंगांनीं वाटेस लावते. बांधणारांनीं नदीशीं भांडण न करितां तिला बाजूनें जावयास जागा दिली, हें मुलांना तेथें सहज समजतें.

गांव मागें पडलें म्हणजे उंसाचीं व हळदीचीं शेतें लागतात. पांडवगड समोर दिसूं लागतो. नदी कधीं झाडींतून दर्शन देते, कधीं शेतांआड लपते.

या वाटेचें मजकडे एक जुनें देणें होतें. सुमारें चौतीस वर्षांपूर्वीं आई व वहिनी यांना घेऊन मी येथें आलों होतों. बरोबर शाळेंतील चार मुलें होतीं. त्यांच्या सायकली भरधांव सुटल्या आणि त्यांच्यामागें माझीही. घाट पाहून तासाभरानें परतलों, तों आई अर्ध्या वाटेवर एका आंब्याखालीं बसलेली. तिचे गुडघे दुखत होते. रागाचा शब्द तिनें काढला नाहीं. "घंटा केवढी आहे रे?" एवढेंच विचारलें. मीं हात पसरून आकार दाखविला. "बरें झालें, तूं पाहिलीस," ती म्हणाली, आणि आम्ही घरीं परतलों. तिला पुन्हां आणूं, असें मीं मनाशीं म्हटलें. पण पुढच्याच वर्षीं ती गेली.

गेल्या माघांत वहिनींनीं आपण होऊन विचारलें, "भाऊजी, मेणवलीस जाऊं या का?" या वेळीं निघतांनाच मीं नियम घालून दिला. सायकलवाल्यांनीं दिसेल त्या पुढच्या झाडापर्यंत जावें, तेथें थांबावें, आणि शेवटचें माणूस पोंचल्याखेरीज पुढें सरूं नये. नातवंडांनीं थोडी कुरकुर केली; पण तिसऱ्या झाडापासून त्यांना तो खेळच वाटूं लागला. कोणी शेतकऱ्याला पिकाचें नांव विचारून येई, कोणी आजीसाठीं सावलीची जागा हेरून ठेवी. सूनबाईनें सायकलीच्या टोपलींत पाणी व लहान सतरंजी घेतली होती. पाऊण तासाच्या वाटेला आम्हांला दोन तास लागले.

मेणवली हें गांव नाना फडणवीसांस इ. स. १७६८ मध्यें इनाम मिळालें. तेथील त्यांचा सहा चौकांचा वाडा प्रसिद्ध आहे. त्यांतील कागदपत्रें 'मेणवली दफ्तर' या नांवानें इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहेत. वाड्याच्या मागें कृष्णेवर चंद्रकोरीसारखा दगडी घाट आहे. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटांत हा परिसर दिसला असल्यामुळें आमच्या मुलांनीं तो लांबूनच ओळखला. घाटावर मेणेश्वराचें देऊळ आहे, आणि जवळच एका लहानशा मंडपांत ती घंटा. चिमाजी अप्पांनीं इ. स. १७३९ मध्यें वसई जिंकली, तेव्हां पोर्तुगीजांकडून मिळालेल्या घंटांपैकीं ही एक. तिच्यावर मेरी व बाळ येशू यांची आकृति आहे. परधर्माची ती खूण कोणीं खरवडून काढली नाहीं, हें नातीला मीं मुद्दाम दाखविलें.

वहिनी बराच वेळ घंटेपुढें उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीं हातांनीं दाखविली होती, त्याहून पुष्कळ मोठी आहे."

तेव्हां कोठें माझ्या ध्यानांत आलें कीं, त्या दिवशीं आंब्याखालीं आईजवळ वहिनीही बसून राहिल्या होत्या. घाट त्यांनींही पाहिला नव्हता. आणि इतक्या वर्षांत तें त्यांना विचारावें, असें मला एकदांही सुचलें नव्हतें. त्या पायरीवर बसून पाण्यांत पाय सोडून होत्या, तोंवर परतण्याची घाई मीं कोणाला करूं दिली नाहीं.

जाणाऱ्यांनीं थंडीचे दिवस निवडावे व सकाळीं लवकर निघावें. उन्हें चढल्यावर वाहनें वाढतात आणि सावली कमी पडते. पावसाळ्यांत घाटाच्या पायऱ्या निसरड्या असतात, मुलांना पाण्याजवळ एकटें सोडूं नये. निर्माल्य व कागद नदींत टाकूं नयेत. आणि घरांतील ज्याचें पाऊल सर्वांत मंद, त्यालाच सर्वांच्या पुढें चालावयास लावावें.