मोअज्जमजाही बाजारातील खाद्यफेरी

हेलसिंकीच्या बंदरालगत १८८९ साली उघडलेली एक जुनी मंडई आहे. तेथे वाटाड्यासमवेत गाळ्यागाळ्यावर मासे नि राईची भाकरी चाखीत हिंडण्याची प्रवाशांत रीत आहे. आपल्या हैदराबादेतही अशा खाद्यफेऱ्या निघतात. त्यांपैकी एकीबरोबर मी मोअज्जमजाही बाजारात गेलो.

ग्रॅनाइटची ती इमारत, तिचा घड्याळाचा मनोरा, १९३५ हे साल, सातव्या निजामांच्या द्वितीय पुत्राचे नाव हे सर्व वाटाड्याने उत्साहाने सांगितले. फळांविषयी मात्र तो जवळजवळ बोललाच नाही. वस्तुतः येथील आइस्क्रीमची ख्याती फळांच्याच आश्रयाने वाढली. मराठवाडा १९५६ पर्यंत याच राज्यात होता. नांदेडचे पाहुणे परतताना येथूनच आंब्यांची करंडी नेत, असे वडील सांगत. पुढे घाऊक फळबाजार कोत्तपेटला, नंतर बाटासिंगारमला गेला. इमारतीची डागडुजी होऊन ती २०२० साली पुन्हा खुली झाली. करंड्या काही परतल्या नाहीत.

उरली आहे ती चव. सीताफळाचा गर हाताने बियांवेगळा करावयाचा, दुधात मिसळून पॉटमध्ये घुसळावयाचा, भोवती बर्फ आणि खडेमीठ. मिठाने बर्फाचे पाणी शून्याखालीही थंड राहते, म्हणूनच दूध गोठते. विज्ञानाच्या तासाला याहून रुचकर उदाहरण कोठले? सीताफळाचा हंगाम सरला की ही चवही सरते, आणि हे मला फार योग्य वाटते.

वाटाड्या उस्मानिया बिस्किटांकडे निघाला. आम्ही तिघे-चौघे मात्र दुसरी वाटी मागवून तेथेच उभे राहिलो.